अगत्तीच्या विमानतळावर उतरताना आणि निघताना नक्की काय काय होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि सोबत गुडघ्याचा त्रास असलेल्या सासूबाई, फेब्रुवारीत चार रात्री लक्षद्वीपमधली अगत्ती आणि बंगाराम ही बेटं, कोचीहून सकाळचं विमान, आणि परतीच्या दिवशी अगत्तीहून कोचीला येऊन त्याच संध्याकाळी कोची-मुंबई. विमानतळ अगदी छोटा आहे असं ऐकलंय, तर जाताना-येताना काय काळजी घ्यायची.

मी डायव्हिंगचे ग्रुप घेऊन बरीच वर्षं तिकडे ये-जा करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी ते संध्याकाळचं कोची-मुंबई तिकीट बदला. बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल. एक रात्र कोचीत काढा, अंगमाली किंवा आलुव्याला राहा, कोचीचा नेडुंबासेरी विमानतळ तिथून जवळ पडतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान लेट झाल्याचं दुसऱ्या कंपनीला काही सोयरसुतक नसतं, तुम्ही नो-शो, विषय संपला. आणि अगत्तीचं विमान लेट होणं यात नवल असं काही नाही. का ते सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

अगत्ती बेट म्हणजे साधारण सात किलोमीटर लांब आणि सगळ्यात रुंद जागी जेमतेम एक किलोमीटर, क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरच्याही आत. त्याचं दक्षिणेचं टोक निमुळतं होत गेलंय आणि त्या शेपटीवरच धावपट्टी टाकलीय, १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा छोटी डॉर्नियर विमानं यायची. लांबी साधारण बाराशे मीटर. मोठ्या शहरातल्या धावपट्ट्या तीन-साडेतीन किलोमीटरच्या असतात, त्या मानानं ही काहीच नाही, दोन्ही टोकांना समुद्र, दोन्ही बाजूंनाही समुद्र. अख्ख्या लक्षद्वीपमध्ये विमान उतरण्याची ही एकच जागा, बाकी बेटांवर हेलिकॉप्टर. म्हणजे वैमानिकाला इथे उतरता आलं नाही तर शेजारचा विमानतळ म्हणजे थेट मेनलँड, कोची तर साडेचारशे किलोमीटर लांब, तेवढं परत फिरण्याइतकं इंधन टाकीत ठेवूनच यावं लागतं. इंधनाला वजन असतं. धावपट्टी छोटी म्हणून एकूण वजनाला मर्यादा असते. उन्हानं हवा तापली की ती विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, मग वजन अजून कमी करावं लागतं. वारा समोरून असेल तर बरं, नसेल तर अजून काटछाट. पाऊस पडून पट्टी ओली असेल तर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, की आलंच परत वजनावर. तिथे येणारी एटीआर ७२ विमानं सत्तर-अठ्ठ्याहत्तर सीटची असतात पण अगत्तीच्या फेरीला सगळ्या सीटा भरता येतातच असं नाही, त्याचं कारण हे. रिकाम्या सीटा दिसल्या म्हणून "अरे तिकीट नाही म्हणाले आणि इथे तर जागा आहे" असं चिडू नका, त्या मुद्दाम रिकाम्या असतात.

याचाच पुढचा भाग म्हणजे तुमच्या बॅगा. वजन जास्त होतंय असं दिसलं तर माणसांआधी सामान उतरतं, ते पुढच्या फेरीला येतं, आणि पुढची फेरी म्हणजे बऱ्याचदा उद्या. माझ्या एका ग्रुपच्या सहा बॅगा अशाच मागे राहिल्या होत्या, एक काका दोन दिवस ऑफिसच्या फॉर्मल पँटीत बीचवर फिरत होते, आता हसतो पण तेव्हा त्यांच्या बीपीच्या गोळ्या त्या बॅगेत होत्या आणि मला घाम फुटला होता. म्हणून औषधं (सासूबाईंची सगळी, चार दिवसांची नाही, आठ दिवसांची), चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे, पोहायचे कपडे आणि परमिटची प्रिंट हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, केबिनमध्ये, स्वतःजवळ. आणि सॅकच घ्या, ट्रॉली नको. एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात, जेट विमानात आरामात बसणारी केबिन ट्रॉली इथे बसत नाही, मग ती दारातच काढून खाली सामानात टाकतात आणि गोळ्या गेल्या पोटात, म्हणजे विमानाच्या. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. दारात सॅक काढून घेतलीच तर आधी पॉवर बँक आणि औषधं बाहेर काढा, मगच द्या.

परमिट. बेटावर राहणारे सोडून बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपला जायला एंट्री परमिट लागतं, १९६७ च्या नियमांपासून हे चालत आलंय, भारतीय असलात तरी लागतं. आता अर्ज ऑनलाइन होतो. त्यात कुठली बेटं ते लिहिलेलं असतं, म्हणजे परमिटवर अगत्ती आहे आणि तुम्ही ऐनवेळी म्हणालात की चला कवरत्तीपण बघून येऊ, तर नाही जमत. तुमच्या परमिटवर अगत्ती आणि बंगाराम दोन्ही नावं आहेत ना हे आज बघा, रिसॉर्टवाल्यानं केलं असेल या भरवशावर राहू नका. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट जोडायचं असेल तर ते मिळायला आपल्याकडे किती दिवस जातात तुम्हाला माहितीय, त्यामुळे अर्ज भरताना पोर्टलवर कागदांची यादी बघून लगेच पोलिस स्टेशनची चक्कर मारून टाका. कोचीला चेक-इन काउंटरवरच परमिट मागतात, नसेल तर बोर्डिंग पास मिळत नाही, तिथे हुज्जत घालून उपयोग नाही कारण त्यांचंही बरोबरच आहे. नाव, आधारवरचं स्पेलिंग, तिकिटावरचं स्पेलिंग तिन्हीकडे एकच हवं. सासूबाईंचं नाव एका ठिकाणी माहेरचं आणि एका ठिकाणी सासरचं असे घोळ मी दरवर्षी बघतो.

तारखाही बघा. परमिट शेवटच्या तारखेपर्यंतच असतं, आणि विमान रद्द झालं तर तुम्ही तुमची चूक नसताना मुदतीबाहेर जाता. तसं झालं तर गप्प बसू नका, त्याच दिवशी रिसॉर्टवाल्याला सोबत घेऊन पोलिस स्टेशनला कळवा. अर्जातच परतीचा एक दिवस जास्त टाकता आला तर उत्तम, मी कायम टाकतो.

आता कोचीलाच यायला पाहिजे असंही नाही. २०२४ मध्ये बंगळुरूहून इंडिगो आणि गोव्यातल्या मोपाहून फ्लाय ९१ सुरू झाल्या, कोचीची अलायन्स एअर तर जुनीच. मोपा म्हणजे पेडण्यात, सिंधुदुर्गवाल्यांना तर घरच्या अंगणात, मुंबईहूनही रात्रीच्या गाडीनं सकाळी थिवीला उतरून जाता येतं. पण या फेऱ्यांचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलत राहतं, त्यामुळे कुठला ब्लॉग वाचून प्लॅन करू नका, तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्याच साइटवर बघा. तुमचं कोचीचं तिकीट झालंच आहे तर राहू दे, आदल्या रात्री कोचीत पोचा म्हणजे झालं. मुंबईहून पहाटेचं पकडून सकाळचं अगत्ती गाठू हा हिशोब कागदावर छान दिसतो.

प्रवास साधारण दीड तासाचा. एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं, आणि एरोब्रिज वगैरे नाही, बसनं किंवा चालत विमानापर्यंत जायचं आणि त्या दारालाच असलेल्या अरुंद पायऱ्या चढायच्या. सासूबाईंसाठी तिकिटावर व्हीलचेअर आधीच टाकून ठेवा, दोन्ही बाजूंची, नुसती जातानाची नाही. आणि सीट मागच्या रांगेत घ्या, दार जवळ, चालणं कमी. मागे बसण्याचा अजून एक फायदा, पंख वर असल्यामुळे खाली सगळं मोकळं दिसतं पण मधल्या सीटांच्या समोर इंजिन आणि चाकं येतात, मागे तो त्रास नाही. डावीकडे बसू की उजवीकडे हे मला सगळे विचारतात. लगून, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतलं उथळ पाणी, बेटाच्या पश्चिमेला आहे, पण विमान कुठल्या टोकाकडून उतरणार ते वाऱ्यावर ठरतं, ईशान्येकडे तोंड करून उतरलं तर लगून डावीकडे, नैऋत्येकडे तोंड करून उतरलं तर उजवीकडे. तर यावरून भांडू नका, जी मिळेल ती खिडकी घ्या. शेवटची दोन मिनिटं खाली नुसतं पाणी दिसत राहतं, आधी गडद निळं, मग एकदम फिकट हिरवं, मग पांढरी वाळू, आणि जमीन दिसली म्हणेपर्यंत चाकं टेकलेली असतात आणि लगेच जोरात ब्रेक. सासूबाईंना आधी सांगून ठेवा की ब्रेक असाच लागतो, घाबरू नका. क्वचित टेकायच्या आधीच विमान परत वर जातं आणि एक चक्कर मारून पुन्हा येतं, तेही नेहमीचंच.

उतरल्यावर फार काही नाही. छोटी इमारत, सामान हातगाडीवर येतं तसं उचलायचं, परमिटची नोंद करायची, ती करूनच बाहेर पडा, आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. बाहेर रिसॉर्टचा माणूस उभा असतो, तो आलाच नाही तर रिक्षा मिळते पण रांग लागलेली नसते, म्हणून त्याचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर हवा. बीएसएनएल किंवा एअरटेलचं कार्ड एकाकडे तरी असू द्या. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून केबल आली त्यानंतर नेट बरंच सुधारलंय, यूपीआय चालतं, पण चार दिवस पुरेल इतकी रोकड मी अजूनही बाळगतो, सुट्टे पैसे जास्त.

बाटली नेऊ नका. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, अपवाद फक्त बंगारामचा, आणि तिथेही ती तिथेच मिळते ती, तुम्ही सोबत न्यायची नाही. ड्रोनपण परवानगीशिवाय नको, नौदलाचे तळ आहेत त्या भागात, उगाच गोत्यात याल.

आता बंगाराम. ते अगत्तीपासून बोटीनं जवळ आहे, पण मी तुम्हाला उलटं सांगीन: बंगारामच्या रात्री आधी करा आणि शेवटची रात्र अगत्तीत काढा. बरेच जण शेवटी बंगाराम ठेवतात, छान जागा शेवटी म्हणून, आणि परतीच्या सकाळी समुद्र खवळलेला असला की बोट निघत नाही, विमान समोर अगत्तीला येऊन उभं राहतं, तुम्हाला ते उतरताना दिसतंसुद्धा, आणि तुम्ही अलीकडे वाळूत उभे. हे माझ्या डोळ्यांदेखत एका जोडप्याचं झालंय. आणि गुडघ्याचं म्हणाल तर खरी परीक्षा विमानाच्या पायऱ्यांची नाहीच, बोटीची आहे. भरती-ओहोटीप्रमाणे बोट जेट्टीच्या कधी वर कधी खाली असते आणि वरखाली हलत असते, पाय टाकायची वेळ साधावी लागते. बोटवाल्याला आदल्या दिवशी सांगा की वयस्कर बाई आहेत, भरतीच्या वेळेला निघू. ती पोरं दोन्हीकडून दंडाला धरून अलगद उचलून घेतात, फक्त सासूबाईंना सांगा की स्वतः उडी मारायची नाही, ती म्हणतील "आता" तेव्हाच पाय उचलायचा. साडी नको, सलवार किंवा पँट, आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल.

परतीचं बघू. तुम्हाला नेणारं विमान तेच असतं जे कोचीहून येतं, वेगळं कुठलं तिथे उभं नसतं. म्हणजे कोचीलाच धुकं, पाऊस, बिघाड काही झालं की अगत्तीची परत फेरी तेवढीच लेट. म्हणून निघायच्या सकाळी तिकिटावरची वेळ बघण्यापेक्षा तिकडून विमान उडालं का ते बघा, ट्रॅकिंग ॲपवर दिसतं, नेट नसेल तर रिसॉर्टवाला फोन करून सांगतो. पण लेट आहे असं कळलं तरी काउंटरवर वेळेतच जा, लेट झालेलं विमान आल्यावर ते लोक जितक्या घाईत भरून परत पाठवता येईल तितक्या घाईत पाठवतात, कारण इथलं सगळं दिवसाउजेडी चालतं, अंधाराआधी निघालं नाही तर उद्या. जो आधी चेक-इन करतो त्याची बॅग आधी चढते हेही आहेच. पाणी, बिस्किटं, केळी सोबत न्या, आत काही मिळेल असं धरून चालू नका.

बॅगेत काय नको ते नीट वाचा. किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडे खच पडल्यासारखे असतात, शिंपले असतात, एखादा उचलून खिशात टाकायचा मोह होतोच. टाकू नका. दगडी प्रवाळ, म्हणजे हार्ड कोरल, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, आणि तुकडा मेलेला असला तरी सुटका नाही. निघताना बॅग एक्स-रेमधून जाते आणि प्रवाळ त्यात चांगलंच दिसतं. आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोरानं अंगठ्याएवढा तुकडा मोज्यात गुंडाळून ठेवला होता, का तर मैत्रिणीला द्यायचा होता. अर्धा तास त्याची उलटतपासणी, सगळी रांग बघतेय, शेवटी समज देऊन, लिहून घेऊन सोडलं, पण विमानात बसेपर्यंत पोराच्या तोंडाला कोरड होती. मुलं सोबत असतील तर त्यांचे खिसे हॉटेलवरच रिकामे करा.

आणायचंच तर ट्यूनाचं लोणचं आणा, नारळाच्या गुळाचा हलवा आणा. लोणचं चेक-इनमध्ये टाका, दोन पिशव्यांत बांधून, वर टेप मारून, नाहीतर कपड्यांना जो वास लागतो तो तीन धुण्यांत जात नाही. सुकवलेला ट्यूना, त्याला तिकडे मास म्हणतात, तो हवाबंद पाकिटातलाच घ्या. सुकं खोबरं मात्र सोडा, चेक-इनमध्ये त्याला बंदी आहे, तेल भरपूर असतं आणि पेट घेऊ शकतं म्हणून. नारळाच्या बेटावरून खोबरं आणता येत नाही याचं माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

तुम्ही स्कूबा करणार असाल (लिहिलं नाहीये, पण तिथे गेल्यावर करावंसं वाटतंच) तर शेवटच्या दिवशी नको. खाली दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन अंगात मुरतो, तो हळूहळू बाहेर पडतो, आणि त्याआधीच विमानात बसलात तर केबिनमधला कमी दाब त्याचे बुडबुडे करतो, सोडा बाटलीचं झाकण उघडल्यासारखं. एकच साधा डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा रोज करत असाल तर किमान १८ तास थांबायचं अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस आहे, मी सरसकट २४ सांगतो. स्नॉर्केलिंगला हा प्रश्न नाही, ते निघायच्या सकाळीसुद्धा करा.

आणि विमान रद्दच झालं तर? घाबरू नका, पण आधी जागा पक्की करा. त्याच खोलीत अजून एक रात्र मिळेल का हे लगेच विचारा, कारण तुमच्यासोबत अजून पन्नास-साठ जण तेच विचारणार आहेत आणि खोल्या मोजक्या. मगच विमान कंपनीशी बोला, पुढच्या फेरीत नाव टाकून घ्या, रिफंड घ्यायची घाई करू नका, रिफंड घेतलात की रांगेतनं बाहेर. कोचीचं जहाज असतं, पण त्याची तिकिटं आधीच गेलेली असतात, प्रवास रात्रभराचा, आणि जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं, छोट्या बोटीतून त्यात चढायचं, सासूबाईंना घेऊन तो पर्याय मी धरणारच नाही. फेब्रुवारीत समुद्र सहसा शांत असतो, मे मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मी कुणाला पाठवतच नाही. पण ओखी वादळ डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे ऐन सीझनमध्ये आलं होतं, त्यामुळे हवामान खात्याचा लक्षद्वीपचा अंदाज निघायच्या आधी दोन-तीन दिवस रोज बघत जा.

तिकीट बदललंत की कळवा, आणि परमिटवर बंगाराम आहे का तेही.